पेटी दहा हजारांची, खर्च लाखाचा

२०२३ च्या दिवाळीत, नरक चतुर्दशीच्या पहाटे, सासूबाईंनी न्हाणीघरातून हाक मारली. "अगं, नळाला झिणझिण्या येतायत." उटणं लावलेल्या ओल्या हातानं त्यांनी गरम पाण्याचा नळ धरला होता आणि कोपरापर्यंत मुंग्या गेल्या होत्या. मी धावत जाऊन आधी मेन खाली ओढला, मग त्यांना बाहेर घेतलं. त्या पहाटे घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी गॅसवर तापलं. आई म्हणत राहिल्या की काही नाही, जरा चमकल्यासारखं झालं. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

आमचं घर सांगलीच्या गावभागातलं, १९७४ सालचं. खाली सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, वर २००६ साली चढवलेल्या दोन खोल्या. विजेचा बोर्ड सोप्याच्या भिंतीवर होता. सागवानी फळी, त्यावर लोखंडी मेन स्विच आणि चिनीमातीचे सहा किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार बसवायचे ठोकळे. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हे घर बांधलं तेव्हा ती फळी स्वतः सुताराकडून करून आणली होती. दर दसऱ्याला तिला झेंडूचं फूल लागायचं. बोर्ड बदलायचा विषय निघाला की ते एवढंच म्हणायचे, "पन्नास वर्षं झाली, काय झालं का त्याला?"

झालं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या सोप्यात पाच फूट पाणी होतं आणि बोर्ड त्यात बुडला होता. पाणी उतरल्यावर आम्ही घर धुतलं, किटकॅट काढून उन्हात वाळवले, फळी पुसली आणि परत लावली. लाइट आली तेव्हा आम्ही सगळे टाळ्या वाजवून हसलो होतो. २०२१ च्या जुलैत पुन्हा दोन फूट पाणी आलं. त्या वेळी बोर्ड वाचला, म्हणून त्याच्याकडे कोणी बघितलंही नाही. भिंतीच्या आत काय झालं असेल, हा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही.

भाऊबीजेनंतर ओळखीतले एक वायरमनकाका आले. साठीच्या पुढचे, हळू बोलणारे. त्यांनी पिशवीतून पहिल्यांदा काढला तो होल्डरला लावलेला साधा शंभरचा बल्ब. होल्डरमधून दोन वायरी बाहेर आलेल्या, टोकं सोललेली. स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये त्यांनी एक टोक फेजला, म्हणजे करंट येतो त्या भोकात, आणि दुसरं न्यूट्रलला, म्हणजे तो परत जातो त्या भोकात लावलं. बल्ब लख्ख पेटला. मग दुसरं टोक न्यूट्रलमधून काढून वरच्या मोठ्या भोकात, अर्थिंगला लावलं. बल्बच्या आतली तार फक्त तांबूस झाली, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी. काकांनी तो बल्ब माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या घराला अर्थिंग नाही."

वायर तर होती. हिरवी वायर बोर्डातून निघून मागच्या परसात गेलेली मी रोज बघत होते. आम्ही तिच्यामागून गेलो. ती नळाच्या जुन्या लोखंडी पाइपला गुंडाळली होती. पूर्वी बरेच जण तसंच करायचे, पाइप जमिनीतून जातो म्हणून. पण आठ-दहा वर्षांपूर्वी आम्ही पाण्याची लाइन बदलून प्लास्टिकची केली, आणि तेव्हा प्लंबरनं भिंतीपाशी हातभर लोखंडी तुकडा तसाच सोडला होता. अर्थिंग त्या तुकड्यावर संपत होतं. काकांनी समजावलं ते आजही आठवलं की पोटात गोळा येतो. घरातल्या सगळ्या यंत्रांचे पत्रे त्या एका हिरव्या वायरीनं एकमेकांना जोडलेले होते आणि जमिनीला कोणीच जोडलेलं नव्हतं. गीझरच्या कॉइलमधून गळलेला करंट गीझरपुरता राहत नव्हता, फ्रिजच्या दारापर्यंत जाऊ शकत होता. माझा धाकटा दिवसातून वीस वेळा ते दार उघडतो.

मग त्यांनी मेन खाली करून किटकॅट ओढले. फ्यूजची तार म्हणजे केसासारखी बारीक असायला हवी, ठरलेल्या करंटला वितळण्यासाठीच ती असते. आमच्या गीझरच्या किटकॅटमध्ये लवचिक वायरीतले तांब्याचे पाच-सहा धागे पिळून घातले होते. काजळी धरलेले, एका बाजूला चिनीमाती करपून तपकिरी झालेली. कधीतरी उन्हाळ्यात फ्यूज सारखा उडत होता म्हणून कोणीतरी केलेली ती सोय होती. बहुधा आमच्यापैकीच कोणीतरी. शिवाय न्यूट्रलवरही एक फ्यूज होता. जुन्या बोर्डांत तो असतोच. तो उडाला की दिवे जातात आणि आपल्याला वाटतं वीज नाही, पण फेज बोर्डात जिवंतच असतो. म्हणून आता न्यूट्रलवर एकटा फ्यूज लावत नाहीत. तोडायचंच असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही एका खटक्यानं एकदम तुटतात.

बदलायचं ठरलं. आता कोणाकडून आणि कितीत?

तीन जणांना बोलावलं. पहिल्यानं सोप्यात उभ्या उभ्या बोर्डाकडे बघून सांगितलं, "बारा हजार द्या, उद्या संध्याकाळपर्यंत नवी पेटी." एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारे खटके, किती अँपिअरचे लावणार, विचारलं. "सगळे बत्तीसचे टाकतो ताई, ट्रिप व्हायचं टेन्शनच नाही." मला ते तेव्हा कळलं नव्हतं, काकांनी नंतर सांगितलं. एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो. दिव्यांच्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर बत्तीसचा एमसीबी लावला तर आधी वायर तापून तिचं प्लास्टिक वितळेल आणि एमसीबी तसाच वर राहील. किटकॅटमध्ये पिळलेले धागे आणि हा बत्तीसचा एमसीबी, दोन्ही एकच. फक्त दुसरा नवा आणि पांढरा.

दुसऱ्यानं थ्री फेज, म्हणजे एकाऐवजी तीन फेजची जोडणी, घ्याच म्हणून सांगितलं. एसी आहे, इंडक्शन आहे, सिंगल फेजवर भागायचं नाही. त्या रात्री मी आणि नवरा वही घेऊन बसलो. गीझर २ किलोवॅट, इंडक्शन २, दीड टनाचा एसी १.६, इस्त्री १, पाण्याची मोटर एक अश्वशक्ती म्हणजे पाऊण किलोवॅट, बाकी फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, दिवे-पंखे मिळून दोनच्या आत. बेरीज नऊच्या पुढे गेली आणि नवरा घाबरला. पण हे सगळं एका वेळी कधी चालतं? सकाळी गीझर आणि इंडक्शन, रात्री एसी. वाईटात वाईट धरून सहा किलोवॅट. त्याला २३० व्होल्टनं भागलं की सव्वीस अँपिअर. तेवढ्याला सिंगल फेज पुरतो. थ्री फेज घेतला असता तर दर महिन्याचा स्थिर आकारही वाढला असता. घरगुती सिंगल फेजला तेव्हा जो स्थिर आकार लागत होता, त्याच्या तिपटीहून जास्त थ्री फेजला लागत होता, घर बंद ठेवून गावाला गेलात तरी. आमच्या हिशेबानं वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपासचा फरक. ज्यांच्याकडे दोन-तीन एसी किंवा मोठी मोटर आहे त्यांनी जरूर घ्यावा. आम्हाला गरज नव्हती.

तिसरे काकाच. त्यांनी कागदावर लिहून दिलं: पेटी आणि आतलं सामान दहा हजार, अर्थिंगचा खड्डा सात हजारांच्या आत, मजुरी वेगळी. आणि खाली एक ओळ लिहिली, 'भिंतीतली वायर तपासल्यावर खर्च वाढू शकतो.' मी त्या ओळीकडे नीट बघितलं नाही. वीस-बावीस हजारांत भागेल असं धरून चालले.

काकांची एक अट होती. नवी पेटी सोप्यात लावायची नाही, जिन्याच्या वरच्या चौकात लावायची. "पाणी परत येणार नाही असं कोण सांगेल?" अण्णा यावर गप्प झाले. गावभागात राहणाऱ्या माणसाकडे याला उत्तर नसतं. दुसरी अट, पेटीत दोन आरसीसीबी. एक खालच्या मजल्याचा, एक वरच्याचा. आरसीसीबी म्हणजे फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, हे सतत मोजत बसलेला खटका. फरक ३० मिलिअँपिअरच्या घरात गेला की तो क्षणात पडतो, कारण तो फरक कुठून तरी जमिनीत गळतोय, कदाचित माणसाच्या अंगातून. एमसीबीला एवढा करंट जाणवतच नाही. आईंच्या हातातून जे गेलं त्यानं कुठलाही एमसीबी पडला नसता.

सामान आणायला मी काकांबरोबर गेले. दुहेरी दाराची पेटी २,४००. दोन्ही वायरी तोडणारा ४० अँपिअरचा मेन ७००. दोन आरसीसीबी मिळून ४,६००. अकरा एमसीबी २,३००. दिव्यांना ६ आणि १० अँपिअरचे, प्लगना १६ चे, गीझर आणि एसीला २० चे. बरोबर दहा हजार झाले. दुकानात तसाच दिसणारा आरसीसीबी सातशेलाही होता. काकांनी तो हातात घेतला, उलटा करून आयएसआयचा शिक्का शोधला आणि परत ठेवला.

अर्थिंगसाठी मी तांब्याची प्लेट मागितली होती, कुठेतरी वाचलं होतं म्हणून. दोन फूट बाय दोन फूट आणि तीन मिलिमीटर जाडीची प्लेट दहा किलोच्या आसपास भरते, आणि तांब्याचा भाव तेव्हा किलोला नऊशेच्या घरात होता. नुसती प्लेटच नऊ हजारांची झाली असती. काका म्हणाले, आपली काळी माती ओल धरून ठेवते, इथे जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप झकास काम करतो. परसात पेरूच्या झाडाजवळ दोन माणसांनी दिवसभर खड्डा खणला. अडीच मीटरचा, भोकं पाडलेला पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, वर विटांची छोटी चौकट आणि झाकण. उन्हाळ्यात आठवड्याला त्यात बादलीभर पाणी ओतायचं. हे काम आईंनी आपणहून घेतलं, तुळशीला पाणी घालून झालं की त्या तिकडे जातात. सगळं मिळून ६,८०० रुपये. दुसऱ्या दिवशी तोच शंभरचा बल्ब फेज आणि नव्या अर्थिंगमध्ये लावला. लख्ख पेटला. त्या उजेडात अण्णांनीही पहिल्यांदा मान हलवली.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी नवी पेटी चालू करायची होती. सागवानी फळी सकाळीच उतरवली होती. तिच्या जागी भिंतीवर पन्नास वर्षांपूर्वीच्या चुन्याचा निळसर चौकोन दिसत होता. काकांनी मेन वर केला. वरच्या मजल्याचा आरसीसीबी वर केला, राहिला. खालचा वर केला. खट्. पडला. पुन्हा वर केला, पुन्हा खट्.

गीझरची वायर काढली, तरी पडला. सगळे एमसीबी खाली केले, तरी काही मिनिटांनी पडला. मला वाटलं नवा आरसीसीबीच खराब आहे. काकांनी मान हलवली. एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. न्यूट्रल कुठे ओल्या भिंतीत अर्थला टेकला असेल, तर एमसीबी खाली असले तरी आरसीसीबी पडू शकतो. त्यांनी न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक वायर सोडवायला सुरुवात केली. सोप्याची सोडली, पडला. माजघराची सोडली, पडला. स्वयंपाकघराची आणि न्हाणीघराची सोडली, तेव्हा कुठे राहिला. मग त्यांनी मेगर आणला. हे यंत्र ५०० व्होल्ट देऊन वायरीचं प्लास्टिक किती शाबूत आहे ते मोजतं. आकडा निदान एक मेगाओहम तरी यायला हवा, चांगल्या वायरिंगला शेकड्यांत येतो. वरच्या खोल्यांत काटा टोकाला गेला. स्वयंपाकघरात तो शून्यावरून हललाच नाही. माजघरातही अर्ध्याच्या आत.

स्वयंपाकघरातल्या ओट्यावरचा बोर्ड त्यांनी उघडला आणि वायर ओढली. वायरीबरोबर भिंतीतल्या पाइपातून करडी माती सांडली. ओट्यावर छोटा ढीग झाला. मी चिमूट उचलून बोटांत चुरली. पिठासारखी मऊ. कृष्णेचा गाळ होता तो. साडेचार वर्षं आम्ही त्याच भिंतीला टेकून चहा केला होता. गाळ वरून वाळलेला होता, पण पाइपाच्या तळाशी अजून ओल होती, आणि दर पावसाळ्यात ती नव्यानं भिजत होती. पुढे एका जोडात १९७४ सालची अॅल्युमिनियमची वायर आणि १९९५ साली घातलेली तांब्याची वायर नुसत्या एकमेकींना पिळून वर चिकटपट्टी लावलेली निघाली. तांब्याला टेकलेलं अॅल्युमिनियम ओलाव्यात झिजत जातं, जोड सैल होतो, तापतो. त्या जोडावरची चिकटपट्टी काळी पडून कडक झाली होती. मी तो तुकडा कापून घेतला, आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

त्या संध्याकाळी घरात जे बोलणं झालं ते मला सांगितलंच पाहिजे, कारण ते बहुतेक घरांत होतं. शेजारचे म्हणाले, "खालचा आरसीसीबी काढून टाका, सरळ जोडून द्या. आमच्याकडे तसंच केलंय, काही त्रास नाही." नवऱ्यालाही ते पटत होतं. खर्च वीस हजारांवर थांबत होता आणि सोमवारी त्याला कामावर जायचं होतं. मला राग आला, खरं सांगते. आरसीसीबी आम्हाला त्रास देत नव्हता, भिंतीत काय चाललंय ते सांगत होता. तो काढणं म्हणजे आईंना पुन्हा त्याच नळाशी उभं करणं. मी तसं बोललेही, जरा चढ्या आवाजात. निर्णय अण्णांनी दिला. ते एवढंच म्हणाले, "भिंती फोडा. माझी एफडी मोड."

पुढचे अकरा दिवस खाली वीज नव्हती. वरच्या मजल्यावरून एक एक्स्टेन्शन बोर्ड जिन्यातून खाली सोडला, त्यावर एक दिवा आणि फ्रिज. मुलाची परीक्षा होती, तो वर अभ्यास करायचा. गवंड्यानं झिऱ्या, म्हणजे पाइपांसाठी भिंतीत खाचा, मारल्या तेव्हा चुन्याची धूळ पोह्यांच्या डब्यापर्यंत गेली. काकांनी या वेळी रचनाच बदलली. पूर्वी पाइप जमिनीलगत फिरवून वर आणले होते, त्यामुळे पुराचं पाणी आधी त्यांतच शिरायचं. आता सगळे पाइप वरून, छताजवळून येतात आणि बोर्डापर्यंत खाली उतरतात. प्लग साडेचार फुटांवर. दिसायला ते जरा विचित्र आहे, टीव्हीचा प्लग टीव्हीच्या वर दिसतो. पण २०२१ सारखं दोन फूट पाणी आलं तर यापुढे एकही जोड भिजणार नाही.

तांब्याच्या वायरीची नव्वद मीटरची गुंडाळी मिळते. दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरच्या चार, प्लगसाठी अडीचच्या तीन, गीझर, एसी आणि इंडक्शनला चारच्या दोन, आणि मीटरपासून वरच्या पेटीपर्यंत दहाची जाड वायर. जुने वायरमन अजून धागे आणि गेजच्या भाषेत, तीन-वीस, सात-वीस असंच बोलतात, दुकानदारालाही ते कळतं. मी प्रत्येक वेळी चौरस मिलिमीटरमध्ये लिहून घेतलं, म्हणजे बिलाशी ताडता येतं. दुसरी एक गोष्ट मी आग्रहानं केली. प्रत्येक प्लगला हिरवी वायर आलीय का, हे प्लास्टर व्हायच्या आधी स्वतः बघितलं आणि फोनवर फोटो काढले. कुठल्या भिंतीत पाइप कुठून जातो त्याचेही. उद्या खिळा ठोकायचा झाला तर ते फोटो लागतील.

कागदपत्रांचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. बिलावर 'मंजूर भार' असा रकाना असतो, आमचा होता एक किलोवॅट, कधी काळी दोन पंखे आणि चार दिव्यांसाठी घेतलेला. महावितरणच्या संकेतस्थळावर भार वाढवण्याचा अर्ज भरला, सहा किलोवॅटचा. त्याला परवानाधारक वीज ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. काकांकडे तो परवाना नाही, म्हणून त्यांच्या ओळखीच्या ठेकेदारानं येऊन सगळं तपासलं आणि सही दिली. मग डिमांड नोट आली, पैसे भरले, आणि मीटरला नवी वायर जोडून मिळाली. मीटरच्या सीलला काकांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. मीटरपर्यंतचं त्यांचं, पुढचं आपलं, हे ते दोनदा म्हणाले. रिपोर्ट आणि डिमांड नोट मिळून ४,४०० रुपये.

अकराव्या दिवशी खालचा आरसीसीबी वर केला. राहिला. पंखे, दिवे, फ्रिज, मोटर, एकेक करत सगळं चालू केलं. शेवटी गीझर. खट्. या वेळी कोणी घाबरलं नाही. दिवाळीपासून ज्याच्यावर संशय होता तो पकडला गेला होता. कॉइलला तडा गेला होता. नवा गीझर घेतला, तो खर्च मी या हिशेबात धरलेला नाही.

आता हिशेब, कारण मला शोधताना असा पूर्ण हिशेब कुठे सापडला नव्हता. पेटी आणि आतलं सामान १०,०००. वायर ३३,९००. अर्थिंग ६,८००. पाइप, डबे, बटणं, पट्ट्या १४,२००. वायरमनची मजुरी १६,८००, त्यात खालचे ३८ पॉइंट दर पॉइंटला ३५० प्रमाणे आणि पेटी बसवायचे ३,५००. गवंडी ७,५००. रंग ११,०००. कागदपत्रं ४,४००. एकूण १,०४,६०० रुपये. या किमती २०२४ च्या सुरुवातीच्या, सांगलीतल्या, जीएसटी धरून. जिला पेटी बदलणं म्हणतात ती पेटी या सगळ्यात दहा टक्क्यांहूनही कमी आहे.

तुमच्याकडे पूर आला नसेल, घर पंचवीस वर्षांच्या आतलं असेल, आत तांब्याची वायर असेल, तर कदाचित पेटी आणि अर्थिंगवरच भागेल. पण दर मागायच्या आधी वायरमनला मेगर लावायला सांगा. त्याचे चार-पाचशे गेले तरी चालतील. मी तो आधी लावून घेतला असता तर भिंती फोडायच्याच होत्या, पण एफडी मोडायची वेळ आली नसती, आम्ही दिवाळीपासून पैसे बाजूला ठेवले असते. आणि मुलाच्या परीक्षेत झिऱ्या मारल्या नसत्या. याची खंत मला आहे.

महिन्याच्या एक तारखेला आरसीसीबीवरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबायचं असतं, तो पडतो का बघायला. मुलानं ते काम घेतलंय. दाबायच्या आधी तो घरभर ओरडत जातो, "संगणक बंद करा!"

सागवानी फळी अण्णांनी भंगारात दिली नाही. सुताराकडून रंधा मारून घेतली आणि तिचा पाट केला. किटकॅटच्या स्क्रूंची भोकं त्यावर ओळीनं आहेत.

जुलैत नदी चढू लागली. कोयनेतून किती सोडलं, आयर्विनला किती फूट झालं, हे विचारल्याशिवाय गावभागात त्या दिवसांत कोणी जेवत नाही. आम्ही धान्याचे डबे वर नेले, इन्व्हर्टर आधीच वर गेला होता. एका रात्री पाऊस थांबेना, तेव्हा अण्णा काठी टेकत जिना चढले. पेटीचं दार उघडून त्यांनी चष्म्यातून खटक्यांखालच्या चिठ्ठ्या वाचल्या. मग 'खालचा मजला' लिहिलेला आरसीसीबी खाली केला. सोपा अंधारला. चौकातला दिवा चालूच होता. त्या उजेडात ते पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "आईला वर बोलाव. आज इथंच झोपू."